डोळ्याचा पडदा: उजेडाने पाहायचा की आवाजाने?

साठी ओलांडलेला माणूस, बारा वर्षांची शुगर, एका डोळ्यात पिकत आलेला मोतीबिंदू. पुण्यात अशा पेशंटच्या फाईलमध्ये आठवड्याभरात तीन वेगवेगळे कागद जमा होतात. पहिल्यावर पडद्याचा नारिंगी गोल फोटो. दुसऱ्यावर ‘ओसीटी’ (म्हणजे उजेडाने घेतलेला पडद्याचा उभा छेद) असं लिहिलेलं, डोंगररांगेसारखी करडी चढउतार आणि शेजारी लाल-पिवळ्या-हिरव्या चौकटी. तिसरा ‘बी-स्कॅन’चा, म्हणजे डोळ्याच्या सोनोग्राफीचा: काळ्यावर पांढरट रेघोट्या. घरचे विचारतात, आणि रास्तच विचारतात: डोळा एक, पडदा एक, मग तपासण्या तीन कशाला? सगळं एकाच चांगल्या मशीनवर का होत नाही?

याचं कारण उजेड आणि आवाज यांच्या स्वभावात आहे. उजेड बारीकसारीक सगळं दाखवतो, पण त्याला वाट स्वच्छ लागते. आवाज गढूळ वाटेतूनही पलीकडे पोचतो, पण बारकावा त्याच्या हाती लागत नाही. एवढं लक्षात आलं की डॉक्टरांनी कोणती तपासणी का सांगितली, हे बहुतेक वेळा आपलं आपल्यालाच कळतं. शिवाय गेली काही वर्षं प्रयोगशाळांमध्ये या दोघांना एकत्र आणायची खटपट चालू आहे: उजेड आत टाकायचा आणि बाहेर आवाज ऐकायचा. त्याकडेही येऊ.

## पडदा म्हणजे किती, कुठे

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर असतो. त्याच्या आतल्या मागच्या भिंतीला अस्तरासारखा चिकटलेला पातळ थर म्हणजे पडदा, रेटिना. त्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर, पोस्टकार्डाएवढी. इथे मिलिमीटर हे माप फार मोठं पडतं, म्हणून मायक्रॉन वापरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पडद्याची जाडी सुमारे २५० मायक्रॉन. पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाची छोटी जागा असते. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं हे सगळं तिच्या जिवावर चालतं.

या पोस्टकार्डात दहा थर आहेत. दिवाळीतला चिरोटा आठवा. वरून पाहिला तर गोल, सोनेरी, थोडा खडबडीत दिसतो. पापुद्रे सुटलेत की एकमेकांना चिकटलेत, आत तूप साचलंय का, हे मोडल्याशिवाय कळत नाही. पडद्याचंही तसंच आहे. मधुमेहात थरांमध्ये पाणी झिरपून सूज येते, काचबिंदूत सगळ्यात आतला नसांचा थर झिजतो, वयोमानाच्या आजारात खालच्या थराखाली पाणी किंवा रक्त साठतं. चिरोटा मोडता येतो, पडदा मोडता येत नाही.

## साधा फोटो, आणि त्याआधीचे थेंब

डोळ्याची बाहुली काळी दिसते, कारण आत गेलेला उजेड ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत येतो. तो पाहायला त्या वाटेत डोकं घालावं, तर आपल्याच डोक्याने उजेड अडतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली यावर उपाय प्रसिद्ध केला: तिरकी धरलेली काच उजेड आत वळवते आणि त्याच काचेतून आरपार पाहताही येतं. जिवंत माणसाचा पडदा दिसू लागला तो तेव्हापासून.

आजचा फंडस कॅमेरा हेच काम वेगळ्या युक्तीने करतो. तो उजेड कड्याच्या आकारात बाहुलीच्या काठाकडून आत सोडतो आणि मधल्या मोकळ्या जागेतून फोटो घेतो. त्यामुळे डोळ्याच्या पुढच्या काचेवरची चकाकी फोटोत येत नाही. कॅमेऱ्याचं अंतर थोडं चुकलं तरी फोटोच्या कडेला पांढुरकी कोर उमटते. बाहुली लहान असेल तर कडा काळ्या पडतात. म्हणून थेंब घालून बाहुली मोठी करतात. त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि पुढचे चार-सहा तास जवळचं अंधुक दिसतं, ऊन सहन होत नाही. अशा वेळी स्कूटरवरून घरी जाऊ नका. सोबत कुणाला तरी न्या किंवा रिक्षा करा.

या फोटोत रक्ताचे ठिपके, चरबीचे पिवळे डाग, नवीन फुटलेल्या वाहिन्या, डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं तोंड हे सगळं दिसतं. मधुमेहींच्या वार्षिक तपासणीला तो उत्तम आहे. पण चिरोटा वरून पाहण्याची मर्यादा त्यालाही आहे. शंभर मायक्रॉनची सूज एका सपाट फोटोत सहज निसटते.

## ओसीटी: उजेडाचा प्रतिध्वनी

सिंहगडाच्या कड्यावरून हाक मारली की समोरच्या डोंगरावरून ती परत येते. हाक जाऊन यायला किती सेकंद लागले ते मोजा, अंतर निघतं. आवाज हवेत सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे मनगटावरचं घड्याळ पुरतं. उजेडाचाही असाच प्रतिध्वनी पडद्याच्या प्रत्येक थरावरून येतो. अडचण वेगाची आहे. उजेड सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो. एकमेकांपासून १० मायक्रॉनवर असलेल्या दोन थरांच्या प्रतिध्वनींमध्ये जो वेळ जातो, तो सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाचाही पंधरावा हिस्सा. इतका बारीक वेळ थेट मोजणारं इलेक्ट्रॉनिक घड्याळ नाही.

म्हणून वेळ मोजायच्या फंदात न पडता तुलना करतात. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना कान काय करतो? एका तारेची सेकंदाला किती कंपनं, हे कुणी मोजत बसत नाही. दोन्ही तारा एकत्र छेडल्या की त्यांच्यातला फरक ‘वाँव-वाँव’ अशा लहरीने ऐकू येतो. फरक जितका कमी, लहर तितकी संथ. ओसीटीत उजेडाची एक शलाका दोन भागांत विभागतात. एक भाग डोळ्यात जातो, दुसरा मशीनमधल्या आरशाकडे. दोन्ही परत आल्यावर एकमेकांत मिसळतात आणि त्या मिसळण्यात जे पट्टे उमटतात, त्यावरून डोळ्यातला थर किती खोल आहे हे कळतं. याला व्यतिकरण म्हणतात.

पुणेकरांना हे यंत्र एका मोठ्या बातमीतून माहीत असायला हवं. पुण्यातल्या आयुका या खगोलसंस्थेचा मोठा वाटा असलेली, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होते आहे, तिचं मूळ तत्त्वही हेच. तिथे उजेडाच्या दोन वाटा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, इथे टेबलावर मावतील एवढ्या. एक मोठा फरक मात्र आहे. लायगोला शुद्ध, एकाच रंगाचा लेझर लागतो. ओसीटीला मुद्दाम मिश्र उजेड लागतो, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यातला, साधारण ८४० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) आजूबाजूच्या अनेक छटांचा. छटा जितक्या जास्त, तितकी दोन वाटांची लांबी अचूक जुळावी लागते, नाहीतर पट्टे उमटतच नाहीत. या अटीमुळेच ४-५ मायक्रॉनवरचे दोन थर वेगळे ओळखता येतात.

अमेरिकेतल्या एमआयटीतल्या गटाने ही पद्धत १९९१ साली मांडली. त्यातले जेम्स फुजिमोटो, डेव्हिड हुआंग आणि एरिक स्वॉन्सन यांना २०२३ चा लास्कर पुरस्कार मिळाला. सुरुवातीच्या मशीनमध्ये आरसा प्रत्यक्ष पुढे-मागे हलवावा लागे, तेव्हा चित्राच्या सेकंदाला साधारण ४०० उभ्या रेघा मिळत. २००६ च्या सुमारास आलेल्या पिढीने आरसा स्थिर ठेवला आणि परत आलेला उजेड छटांमध्ये पसरवून एकदम वाचायला सुरुवात केली. प्रत्येक खोलीवरचा थर त्या पसरलेल्या रंगपट्टीवर आपापली लहर सोडतो. उथळ थराची लहर रुंद, खोल थराची दाट. मैफलीत मुरलेला कान पेटी, तबला आणि तंबोरा वेगळे काढतो तसं संगणक या लहरी वेगळ्या करतो. रेघा सेकंदाला २० हजारांवर गेल्या, आता लाखाच्याही पुढे. वेगाला एवढं महत्त्व आहे कारण डोळा एक क्षणही पूर्ण स्थिर नसतो. रेघ घेईपर्यंत तो हलला तर सपाट पडद्यालाही चित्रात पायऱ्या पडतात.

## तो रंगीत कागद वाचताना

सगळ्यात जास्त घाबरगुंडी या कागदाने उडते, म्हणून इथे थोडं थांबू.

ओसीटीचे मुख्य कागद दोन. एक मॅक्युलाच्या जाडीचा. त्यावर १, ३ आणि ६ मिलिमीटर व्यासाची तीन वर्तुळं आणि नऊ खाने असतात. प्रत्येक खान्यात मायक्रॉनमध्ये जाडी लिहिलेली. याच्या रंगीत नकाशात लाल-पांढरा म्हणजे जाड, निळा-हिरवा म्हणजे पातळ. लाल इथे सुजेची खूण. दुसरा कागद काचबिंदूसाठी, नसेच्या भोवतालच्या थराचा. तिथे हिरवा म्हणजे निरोगी माणसांइतका, पिवळा म्हणजे सर्वांत पातळ पाच टक्क्यांत, लाल म्हणजे सर्वांत पातळ एका टक्क्यात. इथे लालचा अर्थ पातळ! एकाच मशीनमधून आलेल्या दोन कागदांवर एकाच रंगाचे उलट अर्थ. शेजाऱ्याचा कागद पाहून आपल्या कागदाचा अर्थ लावू नका, ते यासाठी.

दुसऱ्या कागदावरचा लाल रंग म्हणजे निदान नव्हे. मशीनमध्ये काही शे निरोगी डोळ्यांची मापं भरलेली असतात आणि आपलं माप त्यांच्याशी ताडून रंग दिला जातो. ज्यांच्या चष्म्याचा नंबर उणे सहाच्या पुढे आहे, त्यांचा डोळा मुळातच लांब असतो आणि थर वेगळ्या तऱ्हेने पसरलेला. अशा निरोगी माणसालाही लाल खाना येऊ शकतो. उलटही घडतं. एखाद्याचा थर आधी भरपूर जाड होता, तो झिजत आला, तरी अजून हिरव्यातच आहे. त्याची झीज आधीचे दोन-तीन कागद शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

कागदाच्या कोपऱ्यात सिग्नलचा आकडा असतो. १० पैकी देणाऱ्या मशीनवर तो ६ च्या खाली असेल, तर जाडीच्या आकड्यांवर फार विसंबू नये. सिग्नल पडण्याची कारणं साधी असतात: मोतीबिंदू, लहान बाहुली, मशीनच्या भिंगावर बोटाचा ठसा आणि कोरडा डोळा. दिवसभर एसीत स्क्रीनसमोर बसून आलेल्या माणसाच्या डोळ्यावरचं पाणी फाटलेलं असतं. अश्रूंसारखे थेंब घालून, दोन-तीनदा पापण्या मिटून पुन्हा स्कॅन घेतला की आकडा बऱ्याचदा सुधारतो.

मशीन जाडी काढतं ते वरच्या आणि खालच्या हद्दीची रेघ स्वतः आखून. आत रक्त असेल, वर पातळ पापुद्रा ताणलेला असेल, तर रेघ घसरते आणि २५० चे ५०० होतात. म्हणून जाणकार डॉक्टर आधी चित्र पाहतात, रेघ बरोबर बसली आहे का हे तपासतात आणि मग आकडा वाचतात. चित्र बघताना आणखी एक लक्षात ठेवा. सहा किंवा नऊ मिलिमीटर रुंदीचा छेद छापताना उंची ताणून दाखवलेली असते. कागदावर कळसूबाईसारखा दिसणारा फुगवटा प्रत्यक्षात पोस्टकार्डाच्या जाडीएवढा असतो.

मशीन बदललं की आकडाही बदलतो. खालची हद्द नेमकी कोणत्या थरावर धरायची, हे प्रत्येक कंपनीने वेगळं ठरवलं आहे. निरोगी पडद्याच्या मध्याची जाडी एका मशीनवर २५५ च्या आसपास तर दुसऱ्यावर २७० येते. डोळ्यात इंजेक्शनं चालू असताना दवाखाना बदलला आणि आकडा पंधराने वाढला, तर तेवढ्यावरून सूज वाढली असं धरू नका. शक्यतो एकाच मशीनवर तपासणी करा आणि जुने कागद फेकू नका.

## वाहत्या रक्ताचं चित्र

अलका टॉकीजच्या चौकाचा वरून एक फोटो काढा. क्षणभराने तिथूनच दुसरा काढा. दोन्हींत जे सारखं आहे, म्हणजे इमारती, खांब, उभ्या गाड्या, ते पुसून टाका. उरेल ती वाहतूक. ओसीटी-ए, म्हणजे ओसीटी अँजिओग्राफी, हेच करतं. त्याच जागेचा छेद काही हजारांश सेकंदांच्या अंतराने पुन्हा घ्यायचा. पेशी जागच्या जागी असतात, फक्त रक्तकण हललेले असतात. ना सुई, ना औषध, आणि केसाहून बारीक वाहिन्यांचं जाळं दिसतं.

पण सिग्नलला अडकलेली गाडी या हिशेबात गायब होते. मधुमेहात वाहिन्यांना जे बारीक फुगे येतात, त्यांतलं रक्त फार संथ असेल तर ते ओसीटी-एत दिसत नाहीत. शिवाय वाहिनीतून द्रव झिरपतोय की नाही, हे या पद्धतीत कळतच नाही. झिरपणं बघायचं असेल तर जुनी फ्लुरेसिन अँजिओग्राफी लागते. १९६१ साली आलेली ही पद्धत आजही कामाची आहे. हाताच्या शिरेत साधारण ५०० मिलिग्रॅम पिवळं औषध देतात, १०-१५ सेकंदांत ते डोळ्यात पोचतं, निळ्या उजेडात हिरवं चमकतं आणि जिथे वाहिनी गळते तिथे डाग पसरत जातो. कातडी काही तास पिवळसर दिसते, लघवी दिवसभर गडद पिवळी होते, काहींना मळमळतं. तीव्र ॲलर्जी क्वचितच होते, पण होऊ शकते. म्हणून दमा, आधीची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भारपण असेल तर ते आधी सांगायचं.

## उजेड अडतो तिथे आवाज

आता तो पिकलेला मोतीबिंदू, किंवा शुगरमुळे डोळ्याच्या आतल्या जेलमध्ये झालेला रक्तस्राव. फोटोत लालसर धुकं, ओसीटीत कोरा काळोख. उजेडाची वाट बंद झाली आहे. मिटलेल्या पापणीवर जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब टेकवतात तो इथे.

या प्रोबचा आवाज सेकंदाला १ कोटी कंपनांचा, म्हणजे १० मेगाहर्ट्झचा असतो. आपल्या कानाची मर्यादा २० हजार. डोळ्यातल्या जेलमधून तो सेकंदाला सुमारे १५३२ मीटर वेगाने जातो आणि मागच्या भिंतीवर आपटून सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या तिप्पट वेळात परत येतो. एवढा वेळ इलेक्ट्रॉनिक घड्याळ आरामात मोजतं, त्यामुळे ओसीटीसारखी व्यतिकरणाची कसरत करावी लागत नाही. पण या आवाजाची एक लाट सुमारे ०.१५ मिलिमीटर लांब असते आणि पडदा पाव मिलिमीटर जाड. ज्या पट्टीवरच्या खुणाच अर्ध्या चिरोट्याएवढ्या अंतरावर आहेत, तिने पापुद्रे मोजता येत नाहीत.

मग लाट आखूड करू, म्हणजे आवाज आणखी चढा घेऊ? विसर्जन मिरवणूक चालू असताना लक्ष्मी रस्त्यावरच्या घराच्या खिडक्या बंद करून पाहा. ढोलाचा ठोका भिंतीतून छातीपर्यंत येतो, ताशाची तडतड बरीचशी बाहेरच राहते. चढा आवाज वाटेत लवकर विरतो. ५० मेगाहर्ट्झचा प्रोब सुरेख बारकावा देतो, पण चार-पाच मिलिमीटरच्या पुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून तो डोळ्याच्या पुढच्या भागासाठी, काचबिंदूत पाणी वाहून जाणारा कोपरा पाहायला वापरतात. मागच्या पडद्यासाठी १० मेगाहर्ट्झचा ढोलच बरा.

बी-स्कॅनला विचारायचा प्रश्न मोठा आणि साधा असतो: पडदा जागेवर आहे का? सुटलेला पडदा जाड, ठळक रेघेसारखा दिसतो आणि मागे नसेपाशी चिकटलेला राहतो, त्यामुळे इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार होतो. नुसता जेलचा पापुद्रा सुटला असेल तर तीही रेघच दिसते. दोघांत फरक करायला मशीनचा गेन, म्हणजे आवाज मोठा करण्याचं प्रमाण, हळूहळू उतरवतात. पापुद्रा आधी पुसला जातो, पडदा शेवटपर्यंत चमकतो. ‘डावीकडे बघा, उजवीकडे बघा’ असं सांगतात तेही याचसाठी. पापुद्रा पाण्यातल्या ओढणीसारखा सैल हेलकावतो, पडदा आखडून हलतो. गेन सुरुवातीलाच कमी ठेवला तर ताज्या रक्ताचे बारीक ठिपके निसटतात. प्रोब नेमका भिंगासमोर धरला तर भिंगाचेच प्रतिध्वनी एकामागे एक छापले जातात. म्हणून तो तिरका, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून टेकवायचा. आणि मार लागून डोळा फाटल्याची शंका असेल तर दाब पडेल असं काहीही करायचं नाही.

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात सिलिकॉन तेल भरलं असेल तर आवाज त्यातून सेकंदाला ९८० मीटरच्या आसपास, म्हणजे संथ जातो. मशीनला ते ठाऊक नसतं, त्यामुळे चित्रात डोळा दीडपट लांब दिसतो. गॅस भरला असेल तर आवाज गॅसवरच आपटून परत येतो, मागचं काही दिसत नाही. गॅस डोळ्यात असेपर्यंत विमानप्रवास अजिबात नको; उंचीवर हवेचा दाब कमी झाला की गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. मुंबईत ऑपरेशन करून घाट चढून पुण्याला यायचं असेल किंवा महाबळेश्वरला जायचं असेल, तरी आधी सर्जनला विचारा.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी बसवायच्या भिंगाचा नंबर काढायला डोळ्याची लांबी मोजतात, तिथेही हाच खेळ. हल्ली ती उजेडाने मोजतात, कारण अचूकता जास्त. मोतीबिंदू फार पिकला की उजेड परततच नाही आणि पुन्हा आवाजाकडे यावं लागतं. त्या वेळी प्रोबने डोळा दाबला जाऊन लांबी एक मिलिमीटरने कमी मोजली गेली, तर चष्म्याच्या नंबरात अडीच-तीनचा फरक पडतो.

## उजेड टाका, आवाज ऐका

पत्र्याच्या छपरावर सकाळचं ऊन चढू लागलं की ‘टक्… टक्’ असे आवाज येतात. पत्रा तापतो, प्रसरण पावतो, आवाज करतो. उजेडाचा आवाज झाला! अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० साली हेच प्रयोगाने दाखवलं: झपाट्याने चालू-बंद होणारा सूर्यप्रकाश पातळ तबकडीवर पाडला की ती गुणगुणते.

फोटोअकूस्टिक, म्हणजे प्रकाश-ध्वनी पद्धतीत पत्र्याच्या जागी रक्तवाहिनी असते आणि उन्हाच्या जागी काही नॅनोसेकंदांचा (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) लेझरचा झोत. रक्तातलं हिमोग्लोबिन तो उजेड शोषतं आणि अगदी किंचित तापतं. तापमान अंशाच्या हजाराव्या भागाने वाढलं तरी ८ मिलिबारची दाबलाट उठते, आणि ती अल्ट्रासाऊंडचा प्रोब ऐकू शकतो. ओसीटीला उजेड परतवणाऱ्या गोष्टी दिसतात, इथे उजेड पिणाऱ्या गोष्टी दिसतात: रक्त, आणि पडद्याखालचं काळं रंगद्रव्य. कोविडमध्ये घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर दोन रंगांच्या उजेडाने ऑक्सिजन सांगायचा. त्याच हिशेबाने इथे पडद्याच्या एकेका वाहिनीतला ऑक्सिजन मोजता येतो. मधुमेहात पडद्याची घुसमट रक्तस्रावाच्या आधीपासून सुरू होते, म्हणून संशोधकांना याची एवढी ओढ आहे.

२०१० च्या सुमारास उंदरांच्या आणि सशांच्या डोळ्यांत हे करून दाखवलं गेलं. नेहमीच्या दवाखान्यात मात्र ही तपासणी मिळत नाही. पहिली अडचण म्हणजे असा चढा आवाज डोळ्यातून हवेत उतरत नाही, त्यामुळे प्रोब डोळ्याला किंवा पापणीला टेकवावा लागतो. बारकाव्यासाठी लागणारे चढे सूर डोळ्याच्या भिंगात विरतात. पुन्हा तोच ताशा. पडद्यावर किती उजेड टाकायचा याच्या मर्यादा कडक आहेत, आणि झोत मोजून-मापून सोडावे लागत असल्याने चित्र पुरं होईपर्यंत डोळा हलतो. हवेतूनच लेझरने ती दाबलाट वाचण्याच्या पद्धतींवर काम चालू आहे. एक गैरसमज मात्र आधीच दूर करू: बाहेरची वाट आवाजाची असली तरी आतली वाट उजेडाचीच आहे. पिकलेला मोतीबिंदू ती तशीच अडवणार. या पद्धतीने बी-स्कॅनची गरज संपणार नाही.

## लेझर आहे, मग पडद्याला इजा होत नाही?

मधुमेहात पडद्यावर उपचारासाठी जो लेझर मारतात, त्याची ताकद शेकडो मिलिवॉट असते आणि तो एका ठिपक्यावर रोखलेला असतो. ओसीटीचा उजेड साधारण एका मिलिवॉटपेक्षाही कमी, तोही सतत सरकता. क्ष-किरण यात नाहीत. तपासणी वारंवार केली तरी चालते, गर्भवतीलाही चालते. फंडस कॅमेऱ्याच्या फ्लॅशनंतर दोन मिनिटं डोळ्यासमोर जांभळट-हिरवट गोळा राहतो, तो आपोआप जातो.

## एमआरआयमध्ये सगळं दिसत नाही का?

दवाखान्यातल्या एमआरआयला अर्ध्या-एक मिलिमीटरच्या आतलं नीट वेगळं दिसत नाही. डोळ्यामागची नस, गाठ, मेंदूकडे जाणारी वाट यांसाठी तो हवाच. पाव मिलिमीटरच्या पडद्यातले थर त्याच्या आवाक्याबाहेरचे.

## फोटो पाहून आता संगणकच सांगतो म्हणे?

सांगतो, पण ठरावीक प्रश्नाचंच उत्तर. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांशिवाय मधुमेहाचा पडदादोष ओळखणाऱ्या पहिल्या प्रणालीला परवानगी दिली. पडद्याच्या रंगीत फोटोवरून ती ‘तज्ज्ञाकडे पाठवा’ किंवा ‘वर्षाने या’ एवढं ठरवते. मोबाईलला जोडायचे पडद्याचे कॅमेरे आपल्याकडे बंगळुरूतही बनतात, त्यामुळे गावातल्या शिबिरात हे शक्य झालं आहे, आणि ही खरोखर चांगली गोष्ट आहे. फोटो अस्पष्ट आला तर मात्र ‘काही आढळलं नाही’ असं समजून घरी जायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं.

## मला स्वच्छ दिसतंय, मग कशाला?

मॅक्युला शाबूत असेपर्यंत पडद्याच्या बाकी भागात कितीही उत्पात झाला, तरी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते. म्हणूनच टाइप २ मधुमेह कळला त्याच वेळी पहिली पडदा तपासणी आणि पुढे दरवर्षी; टाइप १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांच्या आत आणि मग दरवर्षी; मधुमेही बाई गर्भवती राहिली तर पहिल्या तीन महिन्यांतच, असा दंडक आहे.

डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्यासारखं होणं, काळ्या ठिपक्यांचा सडा पडणं किंवा कडेने पडदा ओढल्यासारखा अंधार येणं, यांपैकी काहीही झालं तर ओसीटीची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. पडद्याला पडणारी चीर बहुधा अगदी काठावर असते आणि नेहमीचा ओसीटी मॅक्युलाभोवतीच फिरतो, काठापर्यंत जात नाही. ती शोधायला डॉक्टर डोक्यावर दिवा बांधतात, हातात भिंग धरतात आणि तुम्हाला वर, खाली, नाकाकडे, कानाकडे बघायला सांगतात.